दर्या उघडा आहे का? खान्देशातून स्कूबाला निघण्याआधी हवामान कसं वाचायचं

२०१९ सालची भाऊबीज उरकून आम्ही सहा जणांनी स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायला, रातोरात जळगावहून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी मालवण गाठलं. साडेसातशे-आठशे किलोमीटर. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता टॉवेल खांद्यावर टाकून किनाऱ्यावर हजर. आभाळ निवळलेलं, वारा नावाला, आणि बोटी मात्र ओळीने वाळूवर ओढून ठेवलेल्या. आमच्यातला एक वैतागून म्हणाला, "आभाय ते सफा शे, मंग बोट काबर बंद?" शेजारी जाळं सोडवत बसलेले काका मान वर न करता म्हणाले, "आभाळाक काय बघतास? पाण्याक बघा."

त्या आठवड्यात अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ होतं. ते किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, ओमानच्या बाजूला सरकलं होतं. पाठोपाठ लक्षद्वीपजवळ 'महा' तयार होत होतं. वादळं दूर होती, पण त्यांनी ढकललेल्या लाटा आमच्या पुढ्यात फुटत होत्या. आम्ही दोन दिवस सुरमई खाल्ली आणि परत आलो.

आपल्याकडे पावसाचा अंदाज बघायची सवय आहे. रावेर-यावलचे केळीवाले वाऱ्याचाही बघतात, कारण एका रात्रीत बाग आडवी होते. समुद्राच्या बाबतीत केळीवाल्याची सवय उपयोगी पडते. स्कूबासाठी पाऊस पडतोय की नाही हा प्रश्न बऱ्याच खाली येतो. आधी वारा, मग लाट, मग पाण्याचा गढूळपणा. पाण्याखाली गेल्यावर वरून पडणारा पाऊस तुम्हाला भिजवू शकत नाही, तुम्ही आधीच भिजलेले असता.

आधी महिना, मग हॉटेल

आपला जवळचा समुद्र म्हणजे कोकण. इथे जलक्रीडा साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. मासेमारीची बंदीही १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की होड्या पाण्यात जातात, पण ते मच्छीमारांसाठी. आपल्यासाठी तेव्हा पाणी तयार नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाळ्यात नद्यांनी आणून टाकलेला गाळ पूर्ण बसलेला नसतो, आणि खालून वर आलेल्या पोषक द्रव्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढून पाणी हिरवट दिसतं. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा दुसरा हंगाम. पहिला मे-जूनचा. म्हणून दिवाळीची सुट्टी मी आता स्कूबासाठी धरत नाही. ज्यांना तेव्हाच जमतं त्यांनी जावं, पण मालवण बघायला जातोय असं मनाशी धरून, स्कूबा झालं तर वरकड.

माझी पसंती संक्रांत ते होळी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासूनच पाणी निवळायला लागतं, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावर इतकी गर्दी असते की एकेका बोटीत माणसं कोंबली जातात. फेब्रुवारीत गर्दी ओसरते, सकाळचा समुद्र बहुतेक वेळा तव्यासारखा सपाट असतो.

मे महिन्याचं आकर्षण मला कळतं. भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो, पोरांना सुट्ट्या, घरात कूलरही गरम हवा फेकतो. पहिल्या पंधरवड्यात जमून जातं. त्यानंतर मात्र दर्याचा स्वभाव बदलतो. २०२१ मध्ये 'तौक्ते' मेच्या मध्यावर कोकण किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं. २४ मे २०२२ ला, म्हणजे हंगाम संपायला दोन दिवस असताना, स्कूबा करून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. परतताना लाइफ जॅकेट काढून मांडीवर ठेवायचं नाही, हे मी दर वेळी बरोबरच्यांना सांगतो. डाइव्ह संपली म्हणजे समुद्र संपला नाही.

कोकण सोडून इतरत्र जायचं असेल तर पावसाचं गणित फिरतं. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आणि गोवा कोकणासारखंच. अंदमानात नैर्ऋत्य मान्सून आपल्याआधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो, आणि ऑक्टोबरनंतर बंगालच्या उपसागरातली वादळं असतात. तिथे जानेवारी ते एप्रिल निर्धास्त. पुदुच्चेरीला ईशान्य मान्सूनचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणजे आपलं आभाळ कोरडं असताना त्यांचं भरलेलं. मालदीवला डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ आणि साफ पाणी. पण तिथे मांटा रे हा अवाढव्य मासा झुंडीने बघायचा असेल तर हनिफारू खाडीत पावसाळ्यातच जावं लागतं, कारण पाण्यात खाणं तेव्हाच असतं आणि त्या खाण्यानेच पाणी गढूळ होतं. थायलंडमध्ये तर एकाच देशाचे दोन किनारे उलटे चालतात: पश्चिमेची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद, आणि पूर्वेच्या को ताओला खराब महिना नोव्हेंबर. टूरवाला 'बारमाही' म्हणाला तर कोणता किनारा ते विचारा.

सुट्टीचा आराखडा: डाइव्ह पहिल्या सकाळी

बहुतेक जण उलटं करतात. दोन रात्री, तीन दिवस. पहिला दिवस किल्ला, दुसरा दिवस देवबाग, आणि 'शेवटी मजा' म्हणून तिसऱ्या सकाळी स्कूबा, लगेच गाडीत बसून घरी. यात दोन घोटाळे आहेत. समुद्र त्या एका सकाळी बंद असला तर हातात दुसरी सकाळ नसते. मग माणूस हट्टाला पेटतो, "आठशे किलोमीटर आलोय, काहीतरी करा", आणि त्या हट्टापायी नको त्या समुद्रात उतरणारा बोटवालाही सापडतो.

दुसरा घोटाळा घाटाचा. दाबाखाली श्वास घेताना शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधी कमी दाबाच्या ठिकाणी गेलात, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठीचा सर्वमान्य नियम असा: एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवसांच्या डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबायचं. कोकणातून घरी येताना आपण विमानात बसत नाही, पण आंबोली किंवा गगनबावडा चढलो की तासाभरात समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर वर येतो. वीस-पंचवीस फुटांवरच्या वीस मिनिटांच्या डाइव्हला धोका थोडा असतो हे खरं. तरी एक रात्र किनाऱ्यावर काढायला काय जातं?

म्हणून पहिल्या सकाळी डाइव्ह, दुसरी सकाळ राखीव, तिसऱ्या सकाळी परत. पहिली सकाळ जमली तर राखीव दिवस भटकण्याला मोकळा. जमली नाही तर तो दिवस कामी येतो, आणि घाट तिसऱ्या दिवशीच लागतो.

जळगाव-भुसावळहून रेल्वेने जायचं तर मंगला एक्स्प्रेस थेट कोकण रेल्वेवर जाते. पावसाळ्यात त्या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, हे हंगामाच्या कडेला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रात्रभर गाडी चालवून पहाटे पोचायचं आणि आठ वाजता बोटीत चढायचं, हे मात्र करू नका. झोप नाही, पाणी कमी प्यालेलं, वर एप्रिलची झळ. शरीर सुकलेलं असलं की तो नायट्रोजनचा त्रासही वाढतो. निघायच्या आदल्या दिवसापासून पाणी, ताक, लिंबू सरबत.

दहा दिवस आधी ते आदली रात्र

दहा दिवस आधी फक्त एक बघायचं: समुद्रात कुठे कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय का. भारतीय हवामान खातं ते सांगतं. त्यापलीकडे दहा दिवसांच्या अंदाजावर जीव टाकू नये.

तीन दिवस आधी खरी तपासणी सुरू करायची. दोन ठिकाणं पुरतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था किनाऱ्यानुसार समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. दुसरं, 'विंडी'सारखं एखादं अ‍ॅप. त्यात तुमचं गाव नाही, समुद्रातली जागा टोचायची. जळगावचा वारा बघून मालवणचा अंदाज बांधणारे मी पाहिलेत.

आकडे असे वाचा. वारा बहुधा नॉटमध्ये असतो, एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर प्रतितास. दहा नॉटच्या आत, म्हणजे साधारण १८ किलोमीटरच्या आत, समुद्र माणसात असतो. दहा ते पंधरात पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात; अनुभवी माणूस डाइव्ह करून येतो, नवखा बोटीतच उलट्या करतो. पंधराच्या वर मी नव्या माणसांना घेऊन जात नाही. हा माझा नियम, सरकारी नव्हे. तुमचा इन्स्ट्रक्टर याहून कडक असेल तर त्याचं ऐका.

आता लाट. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते फक्त उंची बघतात. अंदाजात उंचीशेजारी आणखी एक आकडा असतो, सेकंदांचा. एक लाट गेल्यानंतर दुसरी किती सेकंदांनी येते तो. उंचीपेक्षा मी तो आधी बघतो.

जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट आखूड असते, चार-पाच सेकंदांची. दूरच्या वादळातून प्रवास करत आलेली लाट लांब असते, बारा-चौदा सेकंदांची. तिला स्वेल म्हणतात. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची सोपी रीत आहे: सेकंदांचा वर्ग करा आणि साधारण दीडने गुणा, उत्तर मीटरमध्ये. चार सेकंदांची लाट साधारण २५ मीटर लांब. चौदा सेकंदांची ३०० मीटर. आणि लाटेची हालचाल तिच्या निम्म्या लांबीइतकी खोल पोचते. म्हणजे चार सेकंदांच्या लाटेचा जोर बारा मीटरवर संपतो. आठ मीटरवर, जिथे आपण साधारण असतो, तिचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा उरतो. वर बोट नाचते, खाली शांत. पण चौदा सेकंदांच्या लाटेला आठ मीटर म्हणजे काहीच नाही. ती तळापर्यंत सगळं पाणी पुढे-मागे हलवते. तुम्ही खडकासमोर मासा बघत असता आणि कोणीतरी कॉलर धरून दोन मीटर मागे ओढावं तसे मागे जाता, मग पुन्हा पुढे. तळाची वाळू उठते आणि दिसायचं बंद होतं.

म्हणून 'एक मीटर, पाच सेकंद' वाचलं तर उलटीची गोळी घ्यावी. 'दीड मीटर, चौदा सेकंद' वाचलं तर बेत बदलावा, आभाळ कितीही निळं असो. केरळात अशा अवचित येणाऱ्या लाटांना 'कल्लक्कडल' म्हणतात, चोर समुद्र. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांपासून त्या इथवर येतात आणि किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसते. इन्कॉइस त्यांचे इशारे वेगळे देते. ते दिसले की बोलणंच खुंटलं.

विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या माणसांना हे मुद्दाम सांगावं लागतं. पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्यात, हतनूरच्या पाण्यात पोहलात, तरी ते पाणी आपल्याला वाहून नेत नव्हतं. समुद्रात तुम्ही हातपाय न हलवताही पाणी तुम्हाला फिरवतं. त्याच्याशी झगडायचं नाही. मागे जाताना नुसतं जाऊ द्यायचं, पुढे येताना पाय मारायचे. एक गोष्ट मात्र विहिरीनेच शिकवलेली असते: उन्हाळ्यात सूर मारला की वरचं पाणी कोमट आणि पायाला एकदम गार लागतं. खोल समुद्रातही तसा गार थर लागतो. दचकू नका.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा

अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. उधाणाला पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे प्रवाह जोरात. भांगाला सगळं मवाळ. मला नवख्यांसाठी भांगाचे दिवस आवडतात.

भरतीची वेळ काढायला कोकणातली जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा-बारा. जागेनुसार पुढे-मागे होतं, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची, पण घरी बसून बेत आखायला एवढं पुरतं.

भरतीचा आणि साफ पाण्याचा संबंध सरळ आहे. भरतीबरोबर बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं. ओहोटीबरोबर खाडीतला गाळ बाहेर येतो, आणि देवबागला कर्ली नदीचं मुख जवळच आहे. भरती पूर्ण होण्याआधीचा तास-दीड तास आणि नंतरचा थोडा स्तब्ध वेळ सगळ्यात चांगला. त्यामुळे पुनवेच्या आसपासच्या दिवसांत दहाची बोट मिळाली तर बरं.

पण यात दुसरा हिशेब आडवा येतो. शाळेत खारे वारे-मतलई वारे पाठ केले होते ना? पहाटे जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा, सकाळी शांत, आणि जमीन तापली की दुपारी समुद्राकडून वारा. फेब्रुवारीनंतर तो बारापर्यंत चांगलाच जोर धरतो. तेव्हा भरती दुपारी तीनला असली तरी मी सकाळीच जातो. थोडं गढूळ पाणी परवडतं, नाचणारी बोट परवडत नाही.

मालवणच्या पाण्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही सांगतो. चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, साध्या दिवशी तीन-चार. जाहिरातीतले काचेसारखे निळे फोटो बहुधा अंदमान-लक्षद्वीपचे असतात, तिथे वीस मीटर सहज दिसतं. आषाढात तापीचं पाणी ज्याने पुलावरून बघितलंय त्याला गाळाचा हिशेब समजावून सांगायला नको. अवकाळी मोठा पाऊस पडला असेल तर दोन-तीन दिवस जाऊ द्या.

त्या सकाळी किनाऱ्यावर

पोचल्या पोचल्या कपडे बदलायला धावू नका. दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. क्षितिजावर रेघ सरळ आहे की दातेरी? दातेरी म्हणजे बाहेर मोठ्या लाटा. मच्छीमार गेलेत का? गेले नसतील तर विषयच संपला. बंदरावर बावटा लागलाय का? तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. लाट फुटते तिथलं पाणी तपकिरी आहे की हिरवट?

मग बोटवाल्याला सरळ विचारा: "दादा, आज तुमच्या घरच्या पोराला नेलं असतं का?" हा प्रश्न मी नेहमी विचारतो. बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं. पैसे भरण्याआधी हेही ठरवून घ्या की हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख. एकदा एका ठिकाणी आम्हाला 'बोट निघाली की पैसे गेले' असं ऐकवलं गेलं. बोट निघाली, वीस मिनिटांत माघारी आली, आणि पैसे खरोखरच गेले.

नाक चोंदलं असेल तर उतरू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, निम्मं घर शिंकत असतं आणि तशीच मंडळी सहलीला निघतात. सर्दीत कानातला दाब बरोबर करता येत नाही, पडदा दुखावतो. सर्दीची गोळी घेऊन उतरणं त्याहून वाईट, कारण तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा आत अडकते.

बोट लागणाऱ्यांनी उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. काही गोळ्यांनी झोप येते. पाण्याखाली झापड नको, म्हणून आधी घरी एकदा घेऊन बघा. नाश्ता हलका. शेवभाजी संध्याकाळी. बोटीत मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर. पाण्यात उतरल्यावर बऱ्याच जणांची मळमळ थांबते.

पाणी २७-२८ अंशांचं, मग वेटसूट, तो अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, कशाला, असं विचारतात. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. वीस मिनिटांनी दात वाजतात. खरी थंडी बाहेर आल्यावर, ओल्या अंगाला वारा लागला की. एक कोरडी बंडी आणि टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बोटीत ठेवा.

पाण्यात असताना हवा फिरली तर

एप्रिल-मेच्या वळिवात हे घडतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. त्याच्या आत आलं तर कोणी पाण्यात उतरायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. उघड्या समुद्रात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची बोट.

तुम्ही खाली असाल आणि इन्स्ट्रक्टरने अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ 'छान' असा नाही, 'वर चला' असा आहे. हा घोळ पहिल्या डाइव्हला हमखास होतो. वर येताना घाई नाही, श्वास कधीच रोखायचा नाही, आणि लाटा असतील तर डोकं बाहेर आल्यावरही मास्क आणि तोंडातला हवा देणारा रेग्युलेटर काढायचा नाही. माणसं आनंदाने आधी तेच काढतात आणि पहिल्याच लाटेला खारं पाणी नाकातोंडात जातं. बोटीची शिडी वर-खाली आपटत असते, तिच्याखाली डोकं नेऊ नका. बोटवाला हात देईल तेव्हाच, लाट वर उचलेल त्या क्षणी चढायचं.

डाइव्ह झाल्यावर पाणी प्या, सावलीत बसा, दारू संध्याकाळीही नको. अंगावर चट्टे, सांध्यात दुखणं, विचित्र थकवा किंवा मुंग्या जाणवल्या तर घाट चढू नका, इन्स्ट्रक्टरला सांगून लगेच डॉक्टर गाठा आणि डाइव्ह केल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. जळगावला पोचून दोन दिवसांनी दुखायला लागलं तरी हेच सांगायचं, कारण आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मनात समुद्र येणार नाही.

क्यारच्या त्या सहलीतले आम्ही सहाच्या सहा जण पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गेलो, अष्टमी बघून. सकाळी आठची बोट. तेच काका जाळं सोडवत होते. त्यांनी आमच्याकडे न बघता पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जावा."